रावबहादूर लोखंडे यांची मागणी आणि मजुराचा मोडका गुडघा

भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतले जाते. रविवारची सुट्टी त्यांनी मिळवून दिली, एवढे आता आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत आहे. परंतु त्यांनी मांडलेली आणखी एक मागणी अशी आहे की, ती आजही पुरती मान्य झालेली नाही. ती मागणी आहे कामावर जखमी झालेल्या मजुराच्या भरपाईची. म्हणूनच या सत्यशोधकाचे जीवन आम्ही आज बार्शीटाकळीच्या हमाल, गवंडी आणि ईटभट्टी कामगार बांधवांसमोर मांडत आहोत.

लोखंडे यांचा जन्म 1848 चा, ठाण्याचा. घर माळ्याचे आणि गरिबीचे. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या गिरणीत कामाला लागले. कामगारांचे हाल त्यांनी पुस्तकात वाचले नाहीत, डोळ्यांनी पाहिले. सूर्य उगवण्यापूर्वी भोंगा, सूर्य मावळल्यावर सुटका, मधे धड जेवायला वेळ नाही, पगाराची तारीख नक्की नाही, आठवड्याची सुट्टी नाही. यंत्रात हात-पाय सापडला तर मजूर घरी आणि त्याच्या जागी दुसरा मजूर दारात.

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने या तरुणाला दृष्टी दिली. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र 1880 पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. बहुजनांच्या मालकीचे पत्र चालवणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या छोट्या दैनिकांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जाहिरात नाही, वर्गणी वेळेवर नाही. तरीही गिरणीतल्या माणसाचे दुःख छापून आले ते याच पत्रात.

1881 चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो मुख्यतः लहान मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढीच त्याची धाव. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना कसलीही मर्यादा नव्हती. 1884 मध्ये सरकारने चौकशी सुरू केली तेव्हा लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले.

त्या निवेदनात मागण्या मोजक्याच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागील महिन्याचा पगार 15 तारखेपर्यंत. त्यानंतरची मागणी अशी की, काम करताना गंभीर दुखापत झाली तर मजूर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी. वाचक बांधवांनो, हे 1884 साल आहे. तेव्हा या देशात भरपाईचा कायदा नव्हता.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हावी बांधवांना संपासाठी उभे करण्यातही लोखंडे पुढे होते. त्यांच्या लेखी मजुराचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न वेगळा नव्हता. 1893 च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी ते राबले. 1897 च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि 9 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात सावित्रीमाईही त्याच प्लेगने गेल्या. भारत सरकारला लोखंडे यांचे टपाल तिकीट काढायला 2005 साल उजाडले.

आणि त्यांच्या त्या मागणीचे काय झाले? कामगार नुकसानभरपाई कायदा आला 1923 मध्ये आणि लागू झाला 1 जुलै 1924 पासून. म्हणजे मागणीनंतर चाळीस वर्षांनी. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. पण हिशोब बघा. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, म्हणजे एकूण अर्धा पगार. लोखंडे यांनी पूर्ण मागितला होता. 140 वर्षे उलटली, तरी कायदा अर्ध्यावरच अडला आहे!

गुडघ्याचे दुखणे तर सर्वांत फसवे. पाय कापावा लागला तर कायद्याच्या परिशिष्टात टक्केवारी छापलेली आहे. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याखाली साडेतीन इंचांपर्यंत कापला तर 60 टक्के, त्याखाली 50 टक्के. पण पोते पाठीवर असताना गुडघा पिळला, आतला अस्थिबंध तुटला, वाटी फुटली, तर पाय शाबूत दिसतो आणि यादीत त्याचा उल्लेख नसतो. तेथे कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरच्या दाखल्यावरून ठरते. डॉक्टर 15-20 टक्के लिहितात, आणि ज्याला खाली बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, त्या हमालाची रोजी मात्र पूर्ण बुडालेली असते.

1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात हाच मुद्दा निकाली काढला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता 100 टक्के गेली असे न्यायालयाने मानले. हा न्याय गुडघ्यालाही लागू होतो, असे आमचे ठाम मत आहे. शरीर किती मोडले हा एक प्रश्न. तेच काम त्या माणसाला पुन्हा करता येईल काय, हा खरा प्रश्न.

आमच्या वऱ्हाडात जिनिंगची गाठ उचलणारा, स्लॅबवर माल चढवणारा, थ्रेशरवर राबणारा मजूर पडला की ठेकेदार मलमपट्टीचे पैसे देतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि प्रकरण मिटवतो. बांधवांनो, अंगठा देऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने टिकत नाही. मालकाच्याच धंद्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले असेल तर मूळ मालकही जबाबदार असतो. अपघाताची खबर त्याच दिवशी लेखी द्या, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणि एक्स-रे जपा, सोबत्यांची नावे लिहून ठेवा आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. डॉक्टरला आपले काम काय ते सांगा, म्हणजे दाखल्यात ते येईल.

बाबासाहेबांनी संविधानाच्या 41 व्या कलमात आजारपण आणि अपंगत्वात मदतीचा हक्क राज्याच्या जबाबदारीत घातला आणि 42 व्या कलमात कामाची माणुसकीची परिस्थिती. लोखंडे यांच्या निवेदनाचा धागा असा संविधानापर्यंत पोचतो. जयंतीला हार घालून तो धागा पुढे जात नाही. बार्शीटाकळी तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने निदान एका जखमी मजुराचा दावा दाखल करून शेवटपर्यंत चालवावा, आणि त्याबरोबरच पूर्ण पगाराची ती जुनी मागणी पुन्हा सरकारपुढे ठेवावी. जयभीम!