एकच सिनेमा, तोही ट्रेनमधला

मुलुंड-बोरिवलीहून रोज लोकलला लटकणाऱ्यांनी '२७ डाऊन' एकदा तरी बघायला हवा. तो बनवणारे अवतार कृष्ण कौल मूळचे श्रीनगरचे, जन्म १९३९. परराष्ट्र मंत्रालयात नोकरी, पोस्टिंग न्यूयॉर्कला. म्हणजे घरच्यांनी पेढे वाटावेत असं सगळं! त्यांनी मात्र ती नोकरी सोडली, तिकडेच सिनेमा शिकले आणि १९७० च्या सुमारास भारतात परतले.

मग रमेश बक्षींच्या हिंदी कादंबरीवरून फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा केला. नोकरीतून स्वतः सुटलेल्या माणसाने न सुटलेल्याची गोष्ट सांगितली. संजयला (एम. के. रैना) व्हायचं असतं चित्रकार, वडिलांच्या हट्टापायी तो होतो तिकीट चेकर. लोकलमध्ये त्याला एलआयसीत काम करणारी शालिनी (राखी) भेटते. हे प्रेम आहे का, ते धड त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही. लग्न दुसरीशीच होतं, हुंड्यात म्हशी येतात! हे सगळं तो वाराणसीच्या गाडीत बसून आठवतोय, तेही क्रम सोडून. बघताना गोंधळ उडतो. उडू द्या.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या ए. के. बीर यांचा कॅमेरामन म्हणून हा पहिलाच सिनेमा. खरी स्टेशनं, खरी गर्दी. व्हीटीचा रिकामा प्लॅटफॉर्म लोकल लागताच माणसांनी भरून जातो, तो शॉट तर बघाच.

या सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, जुलै १९७४ मध्ये, मुंबईत बुडणाऱ्या कुणाला तरी वाचवायला कौल पाण्यात उतरले आणि स्वतःच बुडाले. दुसरा सिनेमा झालाच नाही.