राणीपेक्षा देवाची आज्ञा मोठी मानणाऱ्या इंग्रजाने मराठीत 11 हजार ओव्या लिहिल्या

रेडीहून दक्षिणेला निघालात की तेरेखोलचा किल्ला लागतो. खाली खाडी, पलीकडे गोवा. याच गोव्यात 400 वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्रीने बायबल मराठीत सांगितलं, तेही ओव्यांमध्ये. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

जन्म 1549 च्या सुमारास, इंग्लंडच्या विल्टशायरमधला. त्यांच्या तरुणपणी तिथं एलिझाबेथ राणीचं राज्य होतं आणि कॅथलिक पद्धतीने उपासना करणं गुन्हा होता. स्टीफन्स कॅथलिक. त्यांच्या एका मित्राला याच कारणावरून तुरुंगात टाकलं.

आता प्रश्न होता, आज्ञा कुणाची पाळायची? राणीची की देवाची?

स्टीफन्स यांनी देश सोडला. 1575 मध्ये रोमला ते जेझुइट संघात गेले. इथं आज्ञापालनाची शपथच घ्यावी लागते. ऑक्टोबर 1579 मध्ये ते गोव्यात उतरले, ते कायमचेच. भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्यांचं बरंचसं आयुष्य साष्टीत गेलं. तिथली देवळं पोर्तुगीजांनी आधीच पाडली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांचे मृतदेह आणायला स्टीफन्स गेले होते. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करायच्या नावाखाली असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं.

म्हणजे इंग्लंडमध्ये ज्यांच्या धर्मावर राजसत्तेने बंदी घातली, ते स्टीफन्स इथं दुसऱ्याच्या धर्मावर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आश्रयाला होते. हा पेच त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती. मग आम्ही वाचायचं काय, असं एक श्रोता पाद्रीला विचारतो, अशी सुरुवात करून स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण लिहिलं. 1616 मध्ये ते राशोल इथं रोमन लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, त्यात कोकणीची मिसळ. ओव्या जवळपास 11 हजार.

पहिल्या पुराणात आदाम आणि एवेने मोडलेली आज्ञा, नोहाच्या काळचा जलप्रलय, मोझेसला मिळालेल्या दहा आज्ञा. दुसऱ्यात येशूचं चरित्र. स्वर्गासाठी शब्द कोणता वापरला? वैकुंठ!

या कथांचं सूत्र एकच. आज्ञा देवाची, ती मोडली की न्यायही देवाचा, आणि त्यातून सोडवणाराही तोच. राजा कितीही मोठा असला तरी त्याच्यावर कुणीतरी आहे, हे राणीचा कायदा नाकारून आलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागलं नसेल. मात्र पोर्तुगीज राजाला तोच नियम लावलेला त्यांच्या आयुष्यात फारसा दिसत नाही.

1619 मध्ये गोव्यातच त्यांचं निधन झालं. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीजांनी लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. क्रिस्तपुराणाच्या 17 व्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही.

पण लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं होतं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांमध्ये ते वाचलं जात राहिलं. अशाच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. हुकूम काढणारं राज्य गेलं, ओव्या मात्र टिकल्या.