सोयाबीनमधून औषध काढणारा रसायनशास्त्रज्ञ

सोयाबीनच्या दाण्यात तेल आणि प्रथिनांबरोबर स्टिग्मास्टेरॉल नावाचा पदार्थही थोड्या प्रमाणात असतो. इतर काही कडधान्यांत आणि अनेक औषधी वनस्पतींतही तो आढळतो. त्यापासून मोठ्या प्रमाणावर हार्मोन तयार करून दाखवले ते पर्सी ज्युलियन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने.

ज्युलियन यांचा जन्म १८९९ मध्ये अलाबामातील माँटगोमेरी येथे झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. गावात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढे शिकण्याची सोय जवळपास नव्हती. त्यामुळे डीपॉ विद्यापीठात त्यांना पदवीबरोबर शाळेचे राहिलेले विषयही पूर्ण करावे लागले. तरीही १९२० मध्ये ते वर्गात पहिले आले. पीएच.डी. मात्र त्यांनी १९३१ मध्ये व्हिएन्नात मिळवली.

पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार या विषारी शेंगेच्या बियांत फायसोस्टिग्मिन असते. काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ते वापरत. १९३५ मध्ये ज्युलियन आणि त्यांचे सहकारी जोसेफ पिकल यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. त्यासाठी ऑक्सफर्डच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाचा निष्कर्ष चूक असल्याचे त्यांना सिद्ध करावे लागले. एवढे करूनही वर्णामुळे डीपॉने त्यांना प्राध्यापकपद नाकारले.

१९३६ मध्ये ते शिकागोतील ग्लिडन कंपनीत रुजू झाले. एकदा सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा साका जमला. वाया गेलेल्या मालात ज्युलियन यांनी स्टिग्मास्टेरॉल ओळखले. या पदार्थापासून ते प्रोजेस्टेरॉन बनवू लागले. तोवर ते प्राण्यांच्या अवयवांतून मिळे आणि फार महाग पडे. पुढे संधिवातावरील कॉर्टिसोन स्वस्त होण्यासही त्यांच्या कामाचा हातभार लागला.

१९५० मध्ये त्यांनी ओक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतले. राहायला जाण्यापूर्वीच ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. १९५१ मध्ये डायनामाइट फेकला गेला. कुटुंब तिथेच राहिले. १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक गैरसमज मात्र टाळावा. सोयाबीन खाल्ल्याने शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. आपल्या शरीराला हे रूपांतर जमत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली हार्मोनची गोळी बंद करून सोयाबीनवर भिस्त ठेवू नये.