राजा केळकर म्युझियमला ज्याचं नाव आहे, तो राजा नेमका कोण?

कळव्यात एखादी जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की सामान टेम्पोत चढायच्या आधी भंगारवाला दारात हजर होतो. पितळी समई, आजीचा अडकित्ता, माळ्यावरचं गंजलेलं कुलूप असं सगळं काट्यावर चढतं आणि किलोच्या भावाने जातं. चार-पाच वर्षांनी कुणालातरी त्या अडकित्त्याची आठवण येते, पण तोवर तो वितळलेला असतो.

शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या वाड्यांमध्ये हेच चाललं होतं. फरक एवढाच, की तिथे अडकित्त्यांबरोबर तलवारीही जात होत्या.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. पुणेकरांसाठी ते काकासाहेब. घरचा धंदा चष्म्यांचा आणि स्वतःची ओळख कवी म्हणून. कविता ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने लिहायचे. पुढे ज्यांचं नाव पुण्याच्या प्रत्येक टुरिस्ट नकाशावर आलं, त्यांनी असं टोपणनाव घ्यावं, हीसुद्धा एक गंमतच.

1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पण जुनी शस्त्रं गोळा करायची म्हटलं, तर त्या बाबतीत काकासाहेब उशिराच जन्माला आले होते.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. 1878 चा शस्त्र कायदा आला आणि लायसन्सशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरला. तोड्याच्या बंदुका आणि ठासणीची पिस्तुलं घरात ठेवणं म्हणजे विकतची डोकेदुखी झाली. कुणी ती जमा केली, कुणी गुपचूप मोडीत काढली. गावाकडे तलवारीचं पातं लोहाराकडे गेलं आणि कोयता होऊन परत आलं.

सगळ्यात मोठा घाव बसला तंजावरला. तिथल्या भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये संपलं. त्यांच्या शस्त्रागारात पिढ्यान् पिढ्यांच्या कट्यारी, तलवारी आणि भाले होते. 1860 च्या दशकात मद्रासच्या म्युझियमसाठी त्यातले निवडक नग बाजूला काढले गेले. उरलेल्यांपैकी बरीचशी शस्त्रं तोडून भंगार म्हणून विकली गेली. जी वाचली त्यातली काही आज पार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काचेआड आहेत. हे सगळं घडलं तेव्हा काकासाहेबांच्या जन्माला तीसेक वर्षं बाकी होती.

तरीही तलवारी, कट्यारी, ढाली, बंदुका आणि बंदुकीची दारू ठेवायची शिंगं असं हाती लागेल ते त्यांनी जमवलं. त्यांच्या म्युझियममध्ये शस्त्रांचं दालन आहे. पण त्यांचं खरं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. तलवार गेली की निदान हळहळणारं कुणीतरी असतं. वज्री, दौत, कुंकवाचा करंडा किंवा दिवा गेला तर कोण हळहळणार? काकासाहेबांनी नेमक्या याच वस्तू उचलल्या, तेही त्यांना काडीची किंमत नव्हती तेव्हा. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामात साथ होती.

दिव्यांवर तर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. 1960 पर्यंत त्यांच्याकडे सुमारे 15,000 वस्तू जमल्या होत्या. कोथरूडचा मस्तानीचा महाल पडायला आला, तेव्हा त्याचे अवशेषही ते घेऊन आले. आज बाजीराव रोडवरच्या म्युझियममध्ये तो महाल उभा केलेला दिसतो.

आता 'राजा'कडे येऊ. म्युझियमची पाटी वाचून बरेच जण समजतात, की दिनकर केळकर नावाचे कुणी संस्थानिक असावेत. संस्थान वगैरे काही नव्हतं. राजा हा त्यांचा मुलगा. तो वयाच्या सातव्या वर्षी गेला. पुढे आयुष्यभर जमवलेल्या या सगळ्या पसाऱ्याला बापाने मुलाचं नाव दिलं, आणि 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव तिथून आलं.

या वस्तू विकायच्या ठरवल्या असत्या, तर गिऱ्हाइकांची रांग लागली असती. परदेशी संग्राहक तेव्हाही भारतात फिरत होतेच. जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर 1947 मध्ये कायद्याने बंधनं आली आणि 1972 मध्ये ती आणखी कडक झाली. त्याआधी काय काय बाहेर गेलं, याची मोजदाद करायला कुणी बसलंच नव्हतं. काकासाहेबांनी मात्र 1975 मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

त्याच्या आधी, 12 जुलै 1961 ला, पानशेत फुटलं होतं. नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्याखाली गेले. माणसं गेली, संसार गेले, आणि पिढ्यांपासून माळ्यावर पडलेल्या पेट्याही वाहून गेल्या. त्यांत काय होतं, ते कुणालाच सांगता येणार नाही.

17 एप्रिल 1990 ला काकासाहेब गेले, तेव्हा ते 94 वर्षांचे होते. संग्रह एव्हाना 20,000 च्या पुढे गेलाय. जागाच पुरत नाही, त्यामुळे लोकांना त्यातला थोडाच भाग बघायला मिळतो. बाकीच्या वस्तू पेट्यांमध्ये ठेवलेल्या आहेत.