साध्य एक, साधने अनेक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना परिचित आहेत. बंगळुरूत विधानसौधासमोरील राजरस्ता त्यांचेच नाव धारण करतो. परंतु बाबासाहेब हे थोर संस्थानिर्मातेही होते. काळाची गरज ओळखून त्यांनी नव्या संस्था उभारल्या आणि कार्यभाग संपताच त्या बाजूला ठेवण्याचे धैर्यही दाखवले. त्यांच्या चरित्राचा हा पैलू विशेष मननीय आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी व भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. शाळेत वेगळे बसावे लागणे, तहान लागली तरी पाण्याला हात लावता न येणे, हे त्यांच्या बालपणीचे अनुभव होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वर्णभेदाविरुद्ध लढणारी ‘एनएएसीपी’ ही संस्था चारच वर्षांपूर्वी त्याच शहरात स्थापन झाली होती.

लंडनमधील उच्च शिक्षण पूर्ण करून परतल्यावर त्यांनी १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. सर्व समाजांतील सहृदय मंडळींना बरोबर घेऊन शिक्षणप्रसार करणे, गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणे, हे तिचे धोरण होते. १९२५ च्या आरंभी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. त्याच वर्षी सीमाभागातील निपाणी येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली.

तथापि केवळ अर्ज-विनंत्यांनी प्रश्न सुटणारा नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात त्या पाण्याला स्पर्श करण्याची कोणाची छाती होत नव्हती. कागदावरचा हक्क वापरल्याखेरीज खरा होत नाही, हे ओळखून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला असता न्यायालयाचा मनाईहुकूम आला. तेव्हा जनसमुदाय उत्सुक असूनही त्यांनी तो स्थगित केला आणि लढा न्यायालयात नेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली!

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. वर्षे लोटली तरी दरवाजे उघडले नाहीत. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवण्याचा सल्ला दिला. समाजाची शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळावी, असा त्यांचा विचार होता. ज्या लढ्यासाठी माणसांनी मार खाल्ला, तो आवरता घेण्यास सांगणे सोपे नव्हते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. खोतांच्या जाचाखालील कुळे व गिरणी कामगार यांना जातीपलीकडे एकत्र आणणे हा त्याचा हेतू होता. पुढे क्रिप्स योजनेच्या वेळी सरकार वाटाघाटी समाजनिहाय करणार, हे स्पष्ट झाले. कामगारांच्या पक्षाला त्या बैठकीत स्थान नव्हते. म्हणून जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन पुढील वर्षी मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. राजकारणात हार-जीत झाली, पक्षांची नावे बदलली. शिक्षणाचे कार्य मात्र अखंड राहिले.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी ‘एनएएसीपी’च्या संस्थापकांपैकी एक असलेले विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. दूरच्या बांधवांची साधने आपल्या उपयोगी पडतील का, हे त्यांना पाहायचे होते. त्या बांधवांचा मार्गही असाच वळणावळणाचा ठरला. शाळांतील वर्णभेदाविरुद्ध १९५४ मध्ये न्यायालयात विजय मिळाला, तरी माँटगोमेरी शहरातील लोकांना बसवर बहिष्कार घालून वर्षभर पायपीट करावी लागली.

घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली. मनातील भेद मात्र उरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. फेडरेशनच्या जागी सर्वांसाठी खुला रिपब्लिकन पक्ष उभारण्याचा संकल्पही त्यांनी केला होता. तो १९५७ मध्ये साकार झाला, तेव्हा ते हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच महिन्यात माँटगोमेरीचा बहिष्कार यशस्वी होऊन संपला.

सभा, सत्याग्रह, न्यायालय, पक्ष, महाविद्यालय, धम्म ही सारी साधने होती. माणसाला माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळावी, हे साध्य अढळ होते. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शिक्षणसंस्थेलाही कोणती रीत बदलावी आणि कोणते ध्येय प्राणपणाने जपावे, हे वेळोवेळी ठरवावे लागते. संस्थेचे वय हे तिचे भूषण खरेच. पण ती ज्यांच्यासाठी स्थापन झाली, त्यांच्या आजच्या गरजेला ती उपयोगी पडते का, हीच तिची खरी कसोटी होय.