भूकंपग्रस्त अनाथांचा पिता : संत लुईजी ओरिओने

दि. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी रोम येथे सहा जणांना संतपद बहाल केले. त्यांपैकी संत अनिबाले मारिया दी फ्रान्सिया आणि संत लुईजी ओरिओने ह्या दोन धर्मगुरूंनी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या मेसिना शहरात एकाच काळात अनाथ मुलांची सेवा केली होती. फादर अनिबाले मेसिनाचेच सुपुत्र. फादर ओरिओने मात्र दूरच्या उत्तर इटलीतून आले होते. त्या शहराशी त्यांचे नाते रक्ताचे नव्हते, दुःखाचे होते.

लुईजी ह्यांचा जन्म दि. २३ जून १८७२ रोजी तोर्तोना धर्मप्रांतातील पोंतेकुरोने ह्या गावी झाला. वडील रस्त्यांवर फरसबंदी करणारे मजूर होते. लहानग्या लुईजीनेही त्यांच्याबरोबर दगड वाहिले. पुढे तो फ्रान्सिस्कन मठात दाखल झाला. परंतु आजारपणामुळे त्याला घरी परतावे लागले. १८८६ साली त्याला तुरीन येथे संत जॉन बॉस्को ह्यांच्या छत्राखाली प्रवेश मिळाला. गरीब मुलांवर प्रेम कसे करावे, ह्याचे धडे त्याने तेथेच गिरवले. १८९३ साली, स्वतः अद्याप गुरुविद्यालयात शिकत असताना, त्याने तोर्तोना येथे निर्धन मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १८९५ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्याने स्थापन केलेल्या 'ईश्वरी परिपालनाचे पुत्र' ह्या संस्थेला १९०३ साली धर्मप्रांताची मान्यता लाभली.

दि. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे मेसिना आणि सामुद्रधुनीपलीकडील रेज्जो कालाब्रिया ही शहरे भूकंपाने जमीनदोस्त झाली. पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा किनाऱ्यावर आदळल्या. सुमारे ऐंशी हजार किंवा त्याहूनही अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नाताळचा आनंद ओसरण्यापूर्वीच हजारो मुले पोरकी झाली. जानेवारी १९०९ मध्ये फादर ओरिओने तेथे पोहोचले. मुलांना एकत्र करणे, त्यांना सुरक्षित आश्रयस्थानी पाठविणे, त्यांच्या शिक्षणाची सोय करणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली.

हे कार्य वरकरणी दिसते तितके सोपे नव्हते. अनाथांचे संगोपन चर्चच्या संस्थांनी करावे की शासकीय पाठिंब्याच्या समित्यांनी, ह्यावरून त्या काळच्या इटलीत ताणतणाव होते. फादर ओरिओने मुलांच्या हितासाठी सर्वांबरोबर काम करण्यास तयार होते. त्यातच १९०९ साली पोप दहावे पायस ह्यांनी त्यांची मेसिना धर्मप्रांताचे व्हिकर जनरल म्हणून नेमणूक केली. बाहेरून आलेला एक तरुण धर्मगुरू आपल्यावर अधिकार गाजवणार, हे अनेकांना रुचले नाही. विरोध झाला, मने दुखावली. तथापि त्यांनी आज्ञापालन सोडले नाही. १९१२ पर्यंत, म्हणजे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून मेसिनाचे नाव पुसले गेल्यानंतरही, ते तेथेच राहिले.

दि. १३ जानेवारी १९१५ रोजी मध्य इटलीतील मार्सिका प्रदेश हादरला. सुमारे तीस हजार लोक दगावले. आवेझानो हे शहर जवळजवळ संपूर्णपणे नष्ट झाले. फादर ओरिओने पुन्हा धावून गेले. कडाक्याची थंडी होती, बर्फ पडत होते, रेल्वेमार्ग तुटला होता. जवळच आईवडील गमावलेली मुले कुडकुडत होती. त्यांना पुढच्या स्थानकापर्यंत नेण्यासाठी वाहन मिळेना. तेवढ्यात पाहणीसाठी आलेल्या राजाच्या मोटारी तेथे थांबल्या. फादरांनी सरळ एका मोटारीत मुलांना बसवायला सुरुवात केली. शिपायांनी अडवले, तरी ते हटले नाहीत. अखेर राजाचे लक्ष तिकडे गेले. फादरांनी डोक्यावरची टोपी काढून नम्रपणे मोटारीची मागणी केली आणि राजाने ती मान्य केली.

हा प्रसंग पाहणाऱ्यांत पेशिना गावचा एक मुलगा होता. भूकंपात त्याची आई मरण पावली होती. पुढे तो इन्यात्सियो सिलोने ह्या नावाने जगप्रसिद्ध लेखक झाला. काही काळानंतर त्याला फादर ओरिओने ह्यांच्या शाळेत पाठवण्यात आले. रोमच्या रेल्वे स्थानकावर त्याला न्यायला आलेल्या साध्या धर्मगुरूला त्याने ओळखले नाही आणि आपले सामान खुशाल त्यांना उचलू दिले. प्रवासात वाचायला काय हवे असे विचारल्यावर त्याने मुद्दाम समाजवादी वर्तमानपत्र मागितले. त्या धर्मगुरूने न रागावता ते आणून दिले. हेच फादर ओरिओने आहेत, हे कळताच मुलगा ओशाळला. परंतु मुलांचे ओझे वाहण्यात फादरांना खरोखरच आनंद वाटत होता. सिलोने पुढे साम्यवादी चळवळीत गेला, चर्चपासून दूर राहिला, तरीही १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने ही भेट अत्यंत आदराने नोंदवली.

१९१५ सालीच फादर ओरिओने ह्यांनी धर्मभगिनींची संस्था स्थापन केली. अपंग, वृद्ध व निराधारांसाठी त्यांनी आश्रम उभारले. दक्षिण अमेरिकेतही त्यांनी दोनदा जाऊन सेवाकार्य केले. दि. १२ मार्च १९४० रोजी सानरेमो येथे ते प्रभुचरणी विलीन झाले. विश्रांतीसाठी त्यांना तेथे पाठवले होते. आपला शेवट गोरगरिबांमध्ये व्हावा, हीच त्यांची इच्छा होती.

आपत्ती कोसळते तेव्हा आपणही मदतीला धावतो. कपडे गोळा होतात, धान्य पोहोचते, मिस्सामध्ये विशेष वर्गणी काढली जाते. हे स्तुत्यच आहे. परंतु पहिला उमाळा ओसरल्यावर त्या पोरक्या मुलाची फी कोण भरतो? त्या विधवेच्या दारी वर्षभरानंतर कोण जाते? मदत घेणाऱ्यालाही स्वाभिमान असतो, स्वतःची मते असतात, ह्याचे भान आपण ठेवतो का? फादर ओरिओने ह्यांनी मुलांना केवळ छप्पर दिले नाही, तर मानही दिला. आणि त्याच्या बदल्यात श्रद्धेचीसुद्धा अट घातली नाही. जो तहानलेल्यात व परक्यात प्रभू येशूला पाहतो, त्याला ओझे जड होत नाही.

संत लुईजी ओरिओने, आम्हांसाठी विनंती कर.