मॅक्वीनला परत न मिळालेली मस्टँग

डिसेंबर १९७७ मध्ये न्यू जर्सीतील एका नोकरदार गृहस्थाला हॉलिवूडहून पत्र आले. त्यांच्या दारातली १९६८ सालची हिरवी फोर्ड मस्टँग पत्रलेखकाला परत हवी होती. ती नवी करून घ्यायची नाही, चित्रपटात होती तशीच घरात ठेवायची आहे. बदल्यात दुसरी मस्टँग शोधून द्यायची तयारी आहे. मात्र फार पैसे पडणार असतील तर विषय सोडून देऊ, असा मजकूर होता. खाली सही होती स्टीव्ह मॅक्वीनची. तीनच वर्षांपूर्वी तो हॉलिवूडचा सर्वांत महागडा नट मानला जात होता!

पत्राला उत्तर गेले नाही.

यंत्रांची ओढ त्याला लहानपणापासूनची. २४ मार्च १९३० ला इंडियाना राज्यात जन्मलेल्या या मुलाला बापाने सहा महिन्यांचा असतानाच टाकले. बाप विमानाच्या कसरती करणारा. आईचेही चित्त घरात नसे. मिसुरीतल्या स्लेटर गावी आईच्या मामाच्या शेतावर पोर वाढले. या मामाआजोबांनी चौथ्या वर्षी दिलेली लाल तीनचाकी तो जन्मभर विसरला नाही. पुढे उनाडक्या वाढल्या, तेव्हा कॅलिफोर्नियात चिनो येथील मुलांच्या सुधारगृहात रवानगी झाली. नंतर मरीन दलात रणगाड्यांवर तीन वर्षे आणि मग न्यूयॉर्कला अभिनयाचे शिक्षण. नाव झाल्यावर तो त्या सुधारगृहात पुन्हा जाऊन मुलांमध्ये बसत असे. त्याच्या स्वभावातला हा कोपरा फार थोड्यांना ठाऊक होता. एरवी तो संशयी, हट्टी आणि सोबत काम करायला अवघड माणूस होता.

‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) यांनी त्याला तारा केले. पण मोटारवेड्यांच्या लेखी मॅक्वीन म्हणजे १९६८ चा ‘बुलिट’. दिग्दर्शक पीटर येट्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर घेतलेला तो दहा मिनिटांहून लांबलेला पाठलाग! पुढे काळी डॉज चार्जर, मागे मस्टँग. अवघड उड्या बड एकिन्स वगैरे कसरतपटूंनी मारल्या. पण बरीचशी गाडी मॅक्वीनने स्वतः हाकली. एका वळणावर त्याचा अंदाज चुकला, गाडी पुढे गेली आणि त्याने टायरांचा धूर काढत ती मागे घेतली. ती चूक चित्रपटात तशीच ठेवली आहे. बारकाईने पाहिले तर एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हापुन्हा मागे पडताना दिसते, ती गंमत वेगळी.

मध्यम आकाराच्या, सामान्य पगारदाराला परवडणाऱ्या गाडीत भलेमोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, ही तेव्हाची अमेरिकन तऱ्हा. त्यांना ‘मसल कार’ म्हणत. (जाणकार मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणून वेगळे काढतात, पण ३९० घनइंचांचे इंजिन घातल्यावर या भेदाला फारसा अर्थ उरत नाही.) विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी त्या मोडीत काढल्या. गल्लोगल्ली गंजलेल्या त्याच गाड्या लोक आज गोठ्यांतून, भंगारातून शोधून काढतात, सांगाड्यावरचे क्रमांक पडताळतात आणि रंगवून चकचकीत करतात.

‘बुलिट’साठी पाठोपाठच्या क्रमांकांच्या दोन मस्टँग घेतल्या होत्या. उड्यांनी खिळखिळी झालेली गाडी भंगारात गेली. दुसरी दोन हात बदलून १९७४ मध्ये जाहिरातीवरून सहा हजार डॉलरना त्या गृहस्थांनी घेतली. घरची बाई तीच घेऊन रोज शाळेच्या नोकरीवर जाई.

मॅक्वीनचे दिवस तेव्हा उतरणीला लागले होते. १९७० मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत मोडका पाय प्लॅस्टरमध्ये असताना तो जोडीदारासह दुसरा आला होता; पण पुढल्या वर्षीच्या ‘ल मां’ने पैसा बुडवला आणि संसारही मोडला. हातची गेलेली आपली जग्वार त्याने सत्तरीच्या दशकातच परत मिळवली. मस्टँग मात्र नाही. ७ नोव्हेंबर १९८० ला, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर, मेक्सिकोतील हुआरेझ येथे तो गेला. वय अवघे पन्नास.

त्याच वर्षी मस्टँगचा क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. पुढे मुलाने वडिलांच्या पश्चात ती जोडून चालती केली. पण रंगाला हात लावला नाही. कॅमेऱ्यासाठी खाली जोडलेले लोखंडी कंसही तसेच ठेवले. तिची जुळी २०१७ मध्ये मेक्सिकोत भंगारात सापडली, पांढरा रंग फासलेली, इंजिनाशिवाय. तिची नव्याने बांधणी झाली. मुलाने आपली गाडी जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात प्रथमच लोकांसमोर आणली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. पोचे, गंज, विटलेला हिरवा रंग यांसकट. सोबतच्या कागदपत्रांत मॅक्वीनचे ते पत्रही होते.